बुढीच्या कांडपासाठी चेसी

बुढी दिवाळीनंतर गेली आणि संक्रांतीपासून पोरगा मिरची कांडपाची मशीन विकायच्या गोष्टी करायला लागला. बुढी म्हणजे माझी बायको. आमच्याकडे म्हातारा माणूस बायकोला बुढी म्हणतो, त्यात राग नसतो. तीही मला बुढाच म्हणायची, आणि तिच्या म्हणण्यात मात्र बऱ्याचदा राग असायचा.

मशीन तिची होती. घराच्या समोरच्या अंगाला शटर असलेली लांब खोली आहे, तिच्यात ती उभी. वरून लोखंडी मुसळं आळीपाळीने खाली आदळतात आणि उखळीतली मिरची कुटून निघते. उन्हाळा लागला की देवळीच्या बाजूच्या गावांतल्या बाया मिरच्या वाळवून डोक्यावर गाठोडी घेऊन यायच्या. बुढी आणि सून, दोघी नाकाला पदर बांधून दिवसभर त्या खोलीत. मी ट्रॉलीच्या कारखान्यात वेल्डिंग करायचो. संध्याकाळी घरी यायला निघालो की गल्लीच्या तोंडापासूनच शिंका सुरू व्हायच्या.

पुढे गाठोडी कमी झाली. बाया म्हणायला लागल्या, एवढ्या दूर ओझं घेऊन कोण येतं, दुकानात पुडा मिळतो. बुढी होती तोवर तिच्या तोंडाकडे पाहून काहीजणी तरी यायच्या. ती गेल्यावर शटर वर करायला कारणच उरलं नाही.

पोरगा वाईट नाही. वर्ध्याला नोकरी करतो, बसने जातो-येतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. मशीन पडून गंजणार, खोली अडून राहणार, आणि हिंगणघाटकडचा एक व्यापारी घ्यायला तयार आहे. सुनेची गोष्ट वेगळी होती. लग्न होऊन आल्यावर तिने त्याच मशीनवर हात बसवला होता. मशीन गेली की सुनेच्या नशिबी दुसऱ्याच्या वावरात, म्हणजे शेतात, निंदण. एक दिवस जेवताना ती ताटाकडे पाहतच म्हणाली,

"बाया इथं येत नाईत तं मशीन त्याहिच्याकडे नेली पाह्यजे."

"मशीनले पाय आहेत काय?" पोरगा म्हणाला.

"मामाजी लावून देतीन."

मामाजी म्हणजे सासरा, म्हणजे मी. माझ्या तोंडात घास होता. नाही म्हणायला तोंड रिकामं नव्हतं.

पोराने विचार केला, पाणी प्यायला आणि अट घातली. "आखाजीपर्यंत. त्या दिवशी मशीन गाडीवर उभी राहून चालली तं ठीक. नाई तं दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याले फोन." सून मान डोलावून म्हणाली, हाव. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, पान वाढतात. बुढीची ती पहिलीच आखाजी होती. पोराच्या ते ध्यानात होतं की नाही, मी विचारलं नाही.

जाम गावच्या चौकाजवळ एक जुनी मेटाडोर उभी होती, ती पोराने आणली. इंजिन ठणठणीत, केबिन बरी, पण जन्मभर खताच्या गोण्या वाहून चेसी खालून सडलेली. चेसी म्हणजे गाडीचा सांगाडा, ज्याच्यावर सगळं बसतं. हातोडी मारली की तिचे पापुद्रे पडायचे. आणि धड असती तरी आमच्या कामाची नव्हती. खताची गोणी ठेवली तिथे पडून राहते, कांडप दिवसभर उड्या मारतं. गाडीच्या चेसीला हादरे खालून, रस्त्याकडून येतात. आमचे वरून येणार होते. म्हणून मुसळांच्या बरोबर खाली जाड आडवे चॅनल, म्हणजे लोखंडी पन्हळी तुळया, टाकलेली नवीच चेसी करायची ठरली, घरीच, आंगणात. पोराने आधी आर.टी.ओ.त जाऊन विचारलं, अर्ज दिला. गाडी पास झाल्याशिवाय चाक रस्त्यावर न्यायचं नाही, असं त्याने मला पुन्हा पुन्हा बजावलं, जसा काही मी तिच्यात बसून पळूनच जाणार होतो.

नकाशा त्याने मोबाईलवर काढला. रंगीत होता, छान होता. मला त्यात चेसी कुठून सुरू होते तेच दिसेना. ट्रॉल्या बनवताना मी कधी कागद हातात धरला नाही. मी वावरातून पऱ्हाटी आणली, कापूस निघाल्यावर झाडाच्या उरतात त्या काड्या, आणि आंगणात खऱ्या मापाची चेसी मांडली. दोन लांब रांगा म्हणजे लांबीचे चॅनल, मधात आडव्या काड्या. मग तिच्यावर चालून पाहिलं. इथे इंजिन, इथे मशीन, इथे सून उभी राहणार. सुनेला तिथे उभं केलं आणि मिरची उखळीत टाकायला हात पोचतो का, ते हवेत करून दाखवायला लावलं.

शेजारीण भिंतीवरून पाहत होती. "काय करून राह्यले गा सासरा-सून?"

"गाडी चालवून राह्यलो," मी म्हणालो. "बाजूले व्हय, लागन."

सकाळी उठलो तर चेसीची डावी बाजू गायब. पोराने पहाटे आंघोळीचं पाणी तापवलं होतं.

"बाबा, मले वाटलं सरपण पडलं हाय."

"तुह्या मोबाईलवरचा नकाशा जळत नाई, येवढं त्याचं चांगलं," मी म्हणालो.

चेसी दोन्ही बाजूंनी सारखीच असते, म्हणून वाचलेल्या अर्ध्या बाजूवर भागलं. पोराला बहुतेक वाईट वाटलं असावं. सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन तो माझ्या काड्या मोजत बसला आणि ती मापं मोबाईलमध्ये घातली. मग म्हणाला, मशीन एवढी मागे ठेवली तर पुढची चाकं हलकी पडतील, स्टेअरिंग ऐकणार नाही. बरोबर होतं त्याचं. ट्रॉलीला स्टेअरिंग नसतं, मला ते कधी सुचलंच नव्हतं. मशीन मागच्या चाकांच्या पुढे सरकवली.

चॅनल आले. बैठकीच्या खिडकीखाली, कडुनिंबाच्या सावलीत जागा धरली. चेसी ठेवायला लोखंडी अँगलच्या चार घोड्या बनवल्या, त्यांचे पाय मातीत रोवले आणि मिस्तरी वापरतात ती पाण्याची नळी लावून चारही घोड्या एका पातळीत आणल्या. पोरगा म्हणाला, "बाबा, मशीन बाहेर काढून कांडपाच्या खोलीत करा ना काम. खाली सिमेंट हाय." मी म्हणालो, तिथे उजेड कमी आहे.

माझा एक सुतार दोस्त आहे. जन्मभर त्याने बैलबंड्या बनवल्या. आता बंडी कोणी करत नाही, म्हणून दुपारी माझ्या आंगणात खुर्ची टाकून बसतो आणि मला काम शिकवतो.

"लोखंडाचं सोपं असते बे," तो म्हणायचा. "चुकलं तं जाळून जोडता येते. लाकूड चुकलं तं सीधं चुलीत."

"म्हणूनच तुह्या घरी सरपण कधी कमी पडलं नाई."

तो हसायचा आणि चहा मागायचा. चहा झाला की माझं वेल्डिंग पाहून म्हणायचा, लोखंडाला खरूज झाली. मी पुढचा टाका त्याच्याकडे पाठ करून मारायचो.

ते दिवस चांगले गेले, उगाच खोटं कशाला सांगू. बुढी गेल्यापासून सकाळी उठून करायचं काय, हा माझ्यापुढे मोठा प्रश्न होता. आता उठलो की चॅनल दिसायचे. ठिणग्यांनी बनियनला भोकं पडली की बुढी शिव्या द्यायची आणि संध्याकाळी दिव्याशी बसून तीच भोकं शिवायची. आता कितीही पडोत. मी मुद्दाम चांगला बनियन घालून काम केलं एक दिवस. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी जुना घातला.

ऊन वाढलं तसा सुनेने खिडकीत कुलर बसवला. त्याची हवा खिडकीतून आत जायची आणि मी बाहेर भाजायचो, पण तक्रार कोणाकडे करणार.

आखाजी आठवड्यावर आली तेव्हा चेसी जोडून झाली होती. मी टेप लावला. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग दुसरे दोन कोपरे. दोन्ही मापं सूतभरही इकडेतिकडे नाहीत. म्हणजे चेसी तिरकी नाही. मी सुताराला म्हणालो, "ये, पाह्य. मंग बोल."

त्याने टेपला हातही लावला नाही. सुनेकडे सुताची दोरी मागितली. एक दोरी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्याला ताणून बांधली, दुसरी उरलेल्या दोन कोपऱ्यांना, तिच्यावरून आडवी. मग चष्मा काढून खाली वाकला.

"दोऱ्या मधात एकमेकीले भेटल्या पाह्यजे," तो म्हणाला. "तुह्या भेटत नाईत."

मी बोट घातलं. दोन दोऱ्यांच्या मधात माझी दोन बोटं आरामात गेली. कर्ण बरोबर होते, पण चेसी पिळली होती. एक कोपरा वर होता. खाटेचा एक पाय उचलून धरला तर ती जशी दिसेल, तशी.

"नळी लावली होती मी," मी म्हणालो.

"कवा?"

सुरुवातीला लावली होती. नंतर कशाला लावायची? सून तोवर वर उठलेल्या कोपऱ्याजवळ जाऊन उभी होती. तिची चप्पल मातीत रुतली. तिने वर पाहिलं. खिडकीतल्या कुलरची टाकी ठिबकत होती, थेट घोडीच्या पायाशी.

आमची माती काळी. कोरडी असली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पाणी मिळालं की फुगते. कुलरने रोज थोडं थोडं पाजून तो एक पाय वर उचलला आणि मी रोज त्याच्यावर मन लावून वेल्डिंग करत गेलो. तीन घोड्या जागेवर, एक फुगलेली. अशा चेसीवर मशीन ठेवली असती तर गाडी उभ्या जागी एका चाकावर डुलली असती, आणि मुसळं सुरू झाली की बोल्ट एकेक करून तुटले असते.

सुनेने आत जाऊन कुलर बंद केला. त्या रात्री घरात सगळे ओल्या चादरी अंगावर घेऊन झोपले. पोरगा एकदाच बोलला, "बाबा, जमत नसन तं राहू द्या. मी व्यापाऱ्याले सांगतो." त्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं. सून भांडी घासत होती, तिचा हात थांबला आणि मग जास्त जोरात चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी मी घोड्या उपटून दुसरीकडे रोवायला लागलो. सुतार खुर्चीतून म्हणाला,

"काऊन बे, पुन्हा मातीतच? गावातली सगळ्यात घट्ट जमीन तुह्या घरात हाय."

ते खरं होतं. मशीन बसवली तेव्हा बुढीने मिस्तरीच्या उरावर उभं राहून त्या खोलीत कंबरभर खोल दगड-गिट्टी भरून घेतली होती. मुसळं आदळून फरशी फुटते, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. फरशीला आजही तडा नाही.

"तिथं उजेड कमी हाय," मी म्हणालो.

"उजेड कमी नाई. तुले मशीन हालवाची नाई. तिच्यासाठी गाडी करून राह्यला आन् तिले जाग्यावरून उठवत नाई. चाकं लावून का तिथंच ठेवतं?"

मी त्याला म्हणालो, घरी जा. तो गेला नाही. चहा मागितला. मी सुनेकडे पाहिलं, म्हटलं ही तरी म्हणेल की राहू द्या मामाजी. ती म्हणाली, "पाना कोणता लागन?"

बोल्ट सुटता सुटेनात. तेल आणि मिरचीचा गाळ वर्षानुवर्षं साचून दगड झाला होता. छिन्नीने खरवडला तसा तो उडायला लागला, आणि आम्ही तिघं शिंकून शिंकून बसलो. माझे डोळे वाहत होते.

"मिरचीचं पाणी का बुढीचं?" सुताराने विचारलं. असं विचारणारा तो एकटाच माणूस आहे गावात.

"दोघींचं," मी म्हणालो. "पाना दे."

मशीन पाइपांवर सरकवत आंगणात आणली. गल्लीतले लोक बोलावून चेसी उचलून शटरमधून आत घेतली. आता खोलीत मशीन नाही आणि चेसी आहे, हे पाहून मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. खोली ती खोलीच राहिली. उजेडही भरपूर होता.

ग्राइंडरने एका बाजूचे आडव्या चॅनलचे जोड कापले. शेवटचा जोड सुटला तसा लांब चॅनल ठणकन वाजून आपोआप खाली बसला, जसा अवघडून बसलेला माणूस पाय मोकळे करतो. सुताराने दोऱ्या ताणल्या. भेटल्या. मग पुन्हा टाके. या वेळी एक टाका इकडचा, एक समोरच्या कोपऱ्याचा, म्हणजे तापून लोखंड एकाच बाजूला ओढलं जात नाही. दर टाक्यानंतर सून गुडघ्यावर वाकून दोऱ्या पाहायची आणि सांगायची, "भेटल्या." दिवसभर त्या खोलीत तेवढाच एक शब्द चालला. कुठे ती जरा थांबली की मी होल्डर खाली ठेवायचो आणि सुतार म्हणायचा, "घाबरू नको, माशी बसली होती."

पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, आणि चाकं लावायला देवळीचा मेकॅनिक आला. पाट्यांचे ब्रॅकेट मी बोल्टने बसवले, तिथे वेल्डिंग टिकत नाही. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी इंजिन आणि केबिन चढली. गाडी ढकलत आंगणात आणली. राहिली मशीन, आणि तिला वर चढवायला माणसं नव्हती. सणाला जो तो आपल्या घरी.

आखाजीच्या सकाळी मी घागर भरत होतो, तेवढ्यात दारात टेम्पो येऊन थांबला. व्यापारी. बरोबर साखळीची पुली आणि चार हमाल. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की मशीन बाहेर काढून ठेवली आहे. पोरगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "बाबा, मी नाई बोलावलं." मला माहीत होतं.

व्यापाऱ्याने मशीनभोवती चक्कर मारली. "अच्छा केलं काका, बाहेरच काढून ठेवली. उचलू का?"

"उचला," सून म्हणाली.

मी घागर खाली ठेवली.

"त्या गाडीवर ठेवून द्या," ती म्हणाली. "चालून पाहू. चेसी वाकली, हालली, तं तिथूनच तुमच्या टेम्पोत टाका. नाई हालली तं जेवून जाजा."

व्यापारी हसला. धंद्याचा माणूस, त्याला गंमत वाटली. हमालांना म्हणाला, चढवा. निंबाच्या फांदीला पुली लावून मशीन वर गेली आणि हळूहळू चेसीवर उतरली. आठही बोल्ट आपापल्या भोकात गेले, एकालाही हातोडी दाखवावी लागली नाही. ती भोकं पोराने मोजली होती, माझ्या काड्यांवरून.

सुनेने मशीन फिरवायला गाडीवर बसवलेलं पंपाचं जुनं इंजिन सुरू केलं, पट्टा चढवला, वाळलेली मिरची टाकली. मुसळं आदळायला लागली. मी आणि सुतार गाडीखाली झोपलो, दोऱ्यांकडे पाहत. कोपऱ्यांना बांधलेल्या त्या तशाच ठेवल्या होत्या. दणके बसत होते, निंबाची पानं गळून पडत होती, दोऱ्या थरथरत होत्या, पण एकमेकीला धरून थरथरत होत्या. व्यापारीही खाली वाकला. चाकाला लाथ मारली, चॅनलवर हात ठेवून पाहिला आणि शिंकला. शिंका थांबल्यावर म्हणाला, "काका, मले अशीच एक गाडी बनवून द्याल का?"

"आधी जेवा," मी म्हणालो.

पहिल्या मिरचीचं तिखट त्याच दिवशीच्या आमटीत गेलं. बुढीचं पान वाढलं. आमटी जहाल झाली होती, हमाल नाक पुसत जेवत होते. ती असती तर म्हणाली असती, मीठ कमी आहे. मी पानावर थोडं मीठ जास्तीचं ठेवलं. पोराने पाहिलं, आपलंही ताट पुढे केलं, म्हणाला, "मले बी द्या." तेव्हा कळलं की पहिली आखाजी त्याच्या ध्यानात होती.

गाडी पुढे पास झाली. आर.टी.ओ.च्या साहेबाने खाली वाकून प्रत्येक जोडावर हातोडी मारून पाहिली आणि कुठे शिकलात, असं विचारलं. मी सांगितलं, कुठेच नाही, दोनदा केली म्हणून जमली.

पहिला बाजार देवळीचा धरला. गाडी पोराने चालवली, सुट्टी काढून. सून वर उभी, नाकाला पदर बांधून. मी खाली डबे घ्यायला आणि द्यायला. बाया आधी लांबून पाहत राहिल्या, मग एकजण आली, मग तिच्यामागे रांग लागली. एका म्हातारीने आपलं तिखट चिमटीत घेऊन चोळून पाहिलं आणि डबा माझ्यासमोर आपटला.

"जाडं हाय हे. तुमच्या घरची बुढी कुटून द्यायची ते बारीक असायचं. ती कुठी हाय?"

"ती नाई आता," मी म्हणालो.

म्हातारीने पुन्हा एक चिमूट घेऊन चोळली. मग म्हणाली, "तरी जाडंच हाय."

सुनेने वरून हात खाली केला. "द्या मामाजी, पुन्हा टाकते."

मी डबा वर दिला.